समोरून वाचायचे नंबर

तळमजल्यावरच्या गर्दीकाकांनी घरात अख्खं कुटुंब लपवून ठेवलंय, अशी आमच्या इमारतीत पक्की बातमी होती.

बातमी इस्त्रीवाल्याची. त्याचं टेबल काकांच्या खिडकीला लागून, त्यामुळे या विषयात त्याच्या शब्दाला वजन. शर्टावर पाणी शिंपडत तो सुरू व्हायचा, "मी काही दुसऱ्याच्या घरात कान घालणारा माणूस नाही हं. पण कानाला काय झाकण असतं? परवा बाई हसत होती. काल पोरगं रडत होतं, चांगलं भोकाड पसरून. आणि आज तर पन्नासेक माणसं टाळ्या वाजवत होती. टाळ्या! आणि दारात चपला किती? एक जोड. बाकीचे काय उडत आले?"

समोरच्या घरातल्या बाई लगेच पुरवणी जोडायच्या. "बायको असेल. कोंडून ठेवली असेल."

"पण त्यांचं लग्न कुठं झालंय?"

"तेच तर म्हणतेय मी!"

यावरूनच मुलांनी त्यांचं नाव गर्दीकाका पाडलं, आणि मोठ्यांनी ते कधी उचललं कुणाला कळलंही नाही. आम्ही राहतो ते बरोबर त्यांच्या डोक्यावर. मला लोकांच्या आवाजांच्या नकला करायची खोड, त्यामुळे खालून येणारा प्रत्येक आवाज माझ्या ओळखीचा. तेव्हा खरं काय ते सांगते. त्या घरात काकांशिवाय चिटपाखरूही नव्हतं.

काका मेलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांचा डेटा परत काढायचे. पुढची खोली म्हणजे कारखाना, मागची म्हणजे एक पलंग, एक शेगडी, आणि दोन्हींत मिळून एक खुर्ची. दुसऱ्या खुर्चीची कधी गरजच पडली नव्हती. कुणाचा संगणक बंद पडलेला, कुणाच्या डिस्कवर चहा सांडलेला. दारात आलेल्या प्रत्येकाला काका एकच प्रश्न विचारत, "पडली का?" आणि प्रत्येक जण एकच उत्तर देई, "छे छे!" एक गृहस्थ तर म्हणाले होते, "पडली नाही हो, फक्त टेबलावरून जमिनीवर गेली." काका हसले नाहीत. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक डिस्कवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डिस्क चालू केली की आत काय चाललंय ते त्यांना त्या मुठीतून ऐकू यायचं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "दोनदा गेलीय."

मग डेटा मिळाला की तो तपासायचा. इथेच ती गर्दी यायची. पडद्यावर व्हिडिओचं छोटं चित्र दिसलं म्हणजे व्हिडिओ आला असं नसतं, मधेच कुठं तरी तुटलेला असतो. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहावा लागतो. काका पाहत नसत. खुर्ची भिंतीकडे वळवून, पडद्याकडे पाठ करून ते नुसते ऐकत. दुसऱ्याच्या घरात डोकावणं त्यांच्या जिवावर यायचं, आणि तुटलेली जागा कानाला डोळ्यांआधी कळते असंही त्यांचं म्हणणं. मग दुपारभर त्या खोलीत कुणाकुणाची पोरं पहिली पावलं टाकायची, कुणाच्या आज्या गाणं विसरायच्या, कुणाचे मामा नाचता नाचता धडपडायचे, आणि काका भिंतीकडे तोंड करून डब्यातली भाजी-पोळी खायचे.

याचा परिणाम असा की गावातल्या अर्ध्या लोकांचे आवाज त्यांना ठाऊक आणि चेहरा एकाचाही नाही. एकदा भाजीच्या दुकानात त्यांच्यामागे उभी असलेली एक बाई हसली. काकांनी हसणं ओळखलं. हिच्या मुलीला सायकल येत नव्हती, मग आली, तेव्हा ही अशीच हसली होती. काका मागं वळून बोलून गेले, "मुलगी आता चालवते का नीट?" बाईंनी पिशवी छातीशी धरली आणि रांग सोडली. तेव्हापासून काका दुकानात फक्त वजन सांगतात.

जे गिऱ्हाईक म्हणून त्यांना ओळखायचे, तेही तसेच. सामान परत नेताना डोळ्यांत पाणी, "तुमचे उपकार कसे फेडू" वगैरे. पुढच्या आठवड्यात रस्त्यात दिसले की पलीकडच्या फुटपाथवर. आपल्या घरातलं सगळं ज्याच्याकडे जाऊन आलंय त्याला काय म्हणून नमस्कार करायचा, हे कुणालाच सुचायचं नाही.

तर अशा या दारात एका सकाळी त्यांची भावजय येऊन उभी राहिली. धाकट्या भावाची बायको. हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड, लहान बाळासारखं धरलेलं.

काकांनी तिला बऱ्याच वर्षांनी पाहिलं. शेवटचं पाहिलं तेव्हा तिची मुलगी रांगत होती, आणि आता ती कॉलेजात जाते. काय बोलावं ते न सुचून त्यांच्या तोंडून सवयीचंच निघालं, "पडली का?"

"नाही हो भावोजी," ती म्हणाली. "आत तरी येऊ का?"

आत आली. बसायला एकच खुर्ची, ती तिला दिली आणि काका उभे राहिले. तिनं चादर सोडली. आत चार डिस्कांचा डबा. अशा डब्यात एकच मजकूर चार डिस्कांवर तुकड्या-तुकड्यांनी लिहिलेला असतो, आणि सोबत थोडा ताळ्याचा हिशेब. त्या हिशेबामुळे एक डिस्क मेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचं सगळं सांगतात. दुसरी मेली की मात्र सगळ्याच मुक्या होतात.

"दोन गेल्यात," भावजय म्हणाली. "स्टुडिओचं सगळं यातच आहे. वर्षभर ह्यांनी जे जे शूटिंग केलं ते सगळं. लोकांना अजून दिलेलंसुद्धा नाही. एक आजोबा रोज येऊन बसतात, त्यांच्या पंच्याहत्तरीचा कार्यक्रम यात आहे, आणि त्यात शेजारी बसलेली आजी आता नाहीये. ह्यांनी काय सांगितलं असेल त्यांना?"

"मिळेल म्हणून," काका म्हणाले.

"बरोब्बर. 'मिळेल हो, कुठं जातंय!' आता रोज ते आले की हे मागच्या दारानं बाहेर. नाही मिळालं तर स्टुडिओला कुलूप लावायचं ठरवलंय ह्यांनी. तोंड कसं दाखवू म्हणतात." ती थांबली. "आणि एक सांगते, इथं आणलंय हे ह्यांना माहीत नाही. एका कंपनीत दिलंय असं सांगितलंय."

"कुठल्या कंपनीत?"

"मला काय माहीत? मोठ्या कंपनीत. एसी वगैरे आहे म्हटलं."

काकांनी छताला लागलेल्या पंख्याकडे पाहिलं. पंखा एका पात्यानं कुरकुरत होता. भावजय हसली, मग रडली, मग पदरानं तोंड पुसून उठली.

"ह्यांनी चिठ्ठी दिलीय का, काही निरोप?" काका स्वतःच्या भावाबद्दल विचारताना 'ह्यांनी' म्हणाले, तिचंच ऐकून. लक्षात आलं तसे कानापर्यंत लाल झाले.

"तुमचं नाव घरात निघत नाही, भावोजी," ती म्हणाली. "वाईटही निघत नाही. निघतच नाही."

ती गेल्यावर काका त्याच खुर्चीत बसले. डबा समोर. दोन भावांचं एकेकाळी एकच दुकान होतं, याच धंद्याचं. एक लांब टेबल, दोन बाजूंना दोन खुर्च्या, मधे डिस्का उभ्या करायचा उघडा पिंजरा. धाकटा बोलका. गिऱ्हाईक दारात दिसलं की याचं "मिळेल, मिळेल!" सुरू. थोरला मान खाली घालून, "बघू." दोघांत मिळून एक पूर्ण दुकानदार व्हायचा. एकदा थोरला बाहेर गेला असताना धाकट्यानं एका आजारी डिस्कचं झाकण उघडलं, खिडकीशी, उघड्या हवेत, कारण गिऱ्हाईकाला संध्याकाळची गाडी होती आणि यानं "मिळेल" म्हटलेलं होतं. आत धूळ गेली आणि डिस्क कायमची मेली. थोरला परत आला, स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला आणि गिऱ्हाईकासमोर म्हणाला, "यानं मारली."

ते खरं होतं. धाकट्यानं आपली बॅग उचलली. एवढंच झालं. ओरडाआरडा नाही, आदळआपट नाही. पुढं धाकट्यानं कॅमेरा घेतला आणि दुसऱ्या टोकाला स्टुडिओ काढला, थोरल्यानं ते लांब टेबल विकून लहान घेतलं.

काकांनी कामाला हात घातला. आधी चारही डिस्का एकेक करून ऐकल्या. प्रत्येकीवर धाकट्याच्या सुबक अक्षरात नंबर चिकटवलेला. एक आणि तीन ठणठणीत. दोन नंबरची मात्र खट्… खट्… खट्… आणि मग सुईईं करून गप्प. मला हा आवाज वर स्पष्ट ऐकू आला आणि मी तो जेवताना काढून दाखवला, तेव्हा आईनं फ्रिज बघून ये म्हणून बाबांना उठवलं होतं.

चौथी सगळ्यात वाईट निघाली, कारण ती छान चालत होती. काकांनी तिच्यावरच्या शेवटच्या फायलींच्या तारखा पाहिल्या आणि जीभ टाळ्याला लावून च् केलं. ही डिस्क डब्यात असूनही कित्येक महिन्यांपूर्वीच त्याच्या कामातून गळून पडली होती. डबा तेव्हा नक्की बोंबलला असणार, अशा वेळी तो बीप बीप करतो. मग ऐकलं कसं नाही? काकांनी डब्याचं झाकण काढलं. बीप करणाऱ्या बारक्या भोंग्याची वायर कुणीतरी कात्रीनं कापलेली होती. काका पाहत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं. स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू असताना बीप वाजत असणार, आवाज खराब होत असणार. धाकट्यानं आजारी माणसाचं कण्हणं बंद करावं तसा भोंगा बंद करून टाकला आणि शूटिंग पुढं चालू.

"गाढव," काका म्हणाले. खूप वर्षांनी ते भावाशी बोलत होते.

म्हणजे चौथी शिळी. तिला धरून जोडलं तर जुनं आणि नवं मिसळून सगळं नासणार. उरल्या तिघी, आणि त्यातली एक ठोके देणारी. आता तिच्यावाचून गत्यंतर नव्हतं. काकांनी कपाटातून त्याच जातीची एक मेलेली डिस्क काढली. त्यांच्याकडे अशा मेलेल्यांची रांगच होती, अवयव काढून घ्यायला. मग गाळलेली हवा खेळणाऱ्या काचेच्या पेटीत हात घालून दोन नंबरच्या डिस्कचं बिघडलेलं वाचायचं डोकं काढलं आणि मेलेलीचं चांगलं बसवलं. हे करताना त्यांनी इस्त्रीवाल्याला रेडिओ बंद करायला लावला. इस्त्रीवाल्यानं ती बातमी केली. "आज काहीतरी भयंकर चाललंय आत. श्वास घेतल्याचासुद्धा आवाज नाही."

डिस्क चालू झाली, पण म्हाताऱ्या माणसानं जिना चढावा तशी. थोडं वाचायची, थांबायची. काकांनी तिला घाई केली नाही. पुढून वाचता वाचता दमली की मागून वाचायला लावायचं, तापली की बंद करून गार होऊ द्यायचं. त्यांचा नियमच होता, मूळ डिस्कवर काम करायचं नाही. आधी हुबेहूब कॉपी काढायची, मग जी काय खुडबूड करायची ती कॉपीवर. कॉपी व्हायला बरेच दिवस गेले. तेवढे दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. ब्रेड आणायलासुद्धा मला वरून हाक मारली, आणि कुणाला हाक मारायची सवय नसल्यानं, "अं… अगं… वरच्या!" अशी मारली. मी ती हाक अजून काढून दाखवते.

कॉपी झाली. आता क्रम. एकच मजकूर सगळ्यांवर तुकड्या-तुकड्यांनी, म्हणजे कुठली डिस्क कुठल्या खाचेत होती हे कळल्याशिवाय अर्थ लागत नाही. एरवी डिस्कवर ते लिहिलेलं असतं. पण भावजयीनं जाता जाता सांगितलं होतं की स्टुडिओतल्या मदतनिसानं धूळ झटकायला चारही डिस्का बाहेर काढल्या, नंबर बघून परत लावल्या, डबा ओळख दाखवेना म्हणून 'नव्याने तयार करा' हे बटण दाबलं. त्यानं ती ओळख पुसली गेली. तरी काकांना काळजी नव्हती. नंबर चिकटवलेले होते. पहिल्या खाचेत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन. चौथी शिळी, तिची जागा मोकळी.

जोडलं. पहिला फोटो उघडला. एका नवरीच्या कपाळाखाली कुणाचे तरी बूट, त्याखाली खुर्च्यांची रांग, त्याखाली परत नवरीची हनुवटी. दुसरा उघडला, तसाच पट्ट्या पट्ट्यांचा. व्हिडिओ पापणी लवेपर्यंत चालून मेला.

काकांनी चौथीवरच्या तारखा पुन्हा पाहिल्या. दोनची कॉपी कुठं अपुरी आहे का ते तपासलं. सगळं बरोबर, आणि उत्तर चूक. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोळीचा घास हातात धरून ठेवला आणि खायचा विसरले. संध्याकाळी भावजयीचा फोन आला. "भावोजी, काही?" ते "बघू" म्हणाले. फोनमध्ये मागं कुठं तरी धाकट्याचा आवाज आला, "कंपनीचा फोन आहे का गं?" आणि ती म्हणाली, "हो, कंपनीचाच." काकांनी फोन बंद केला, तरी बराच वेळ तो हातातच होता.

तिसऱ्या दिवशी टेबलावर छोटा पंखा ठेवायला म्हणून त्यांनी डबा अर्धा फिरवला. मागची केबलची बाजू त्यांच्याकडे आली. डब्याचं झाकण काढलेलंच होतं, डिस्का परत खाचांत उभ्या, माथ्यावर नंबर. आणि आता ते आकडे उलटे दिसायला हवे होते, डोकं खाली पाय वर. ते सरळ दिसत होते. समोरून मात्र उलटे दिसत होते. त्या मदतनिसाप्रमाणे काकांनीही ते मान वाकडी करून वाचले होते, आणि वाकड्या मानेनं वाचतोय याचा विचारही केला नव्हता.

जुन्या दुकानात पिंजरा टेबलाच्या मधे असायचा. नंबर चिकटवायचा धाकटा आणि डिस्क ओढून काढायचा थोरला, दोघं समोरासमोर. सुरुवातीला एकदा धाकटा म्हणाला "तीन काढ", थोरल्यानं आपल्या बाजूनं मोजून तिसरी काढली, आणि ती होती दोन. त्यात एक काम फसलं होतं. तेव्हापासून धाकटा नंबर थोरल्याच्या बाजूनं लावायचा. समोर बसलेल्याला सरळ वाचता येतील असे. त्याच्या स्वतःच्या बाजूनं ते उलटे, चार तीन दोन एक.

स्टुडिओत तो एकटाच बसतो. त्याच्या समोर टेबलाच्या पलीकडे भिंत असणार. आणि तरी इतक्या वर्षांनी त्यानं नव्या डब्यात डिस्का घातल्या तेव्हा नंबर समोरच्यासाठी लावले.

काकांनी क्रम उलटा केला. फोटो उघडला. नवरी. अख्खी नवरी, कपाळापासून पायापर्यंत, आणि तिच्या शेजारी घामाघूम नवरा.

मग दुपारी आमच्या खालून जी गर्दी उसळली म्हणता! इस्त्रीवाला टेबल सोडून खिडकीखाली येऊन बसला. पण या वेळच्या गर्दीत एक गोष्ट वेगळी होती. माणसं बदलायची, कार्यक्रम बदलायचे, मात्र एक आवाज प्रत्येक वेळी तोच. कॅमेऱ्यामागचा. "हं, हनुवटी खाली. खाली म्हणजे जमिनीत नाही हो काका! मावशी, जरा तुमचं माहेर आठवा. हांऽऽ, असं. श्वास सोडा. सोडा, सोडा, परत मिळेल!" चिरका, नाकात थोडा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी वर उडणारा. माझ्या नकलांच्या हिशेबात असा आवाज वर्षातून एखादा सापडतो. दोन दिवसांत मी तो पाठ केला.

खाली काका भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. तपासणी होती, शेवटपर्यंत ऐकायलाच हवं होतं, म्हणून त्यांना कुणी काही म्हणू शकत नव्हतं. प्रत्येक शूटिंगच्या आधी धाकटा माइक तपासायचा. "ऐकू येतंय का?" मग थोडं थांबून स्वतःच, "येतंय." पुढच्या फायलीत परत, "ऐकू येतंय का? येतंय." असं कितीतरी वेळा. कुठल्या फायलीपासून ते त्यांनाही आठवत नाही, पण त्या थांबलेल्या जागेत काका भिंतीला सांगायला लागले, "येतंय."

आजोबांची पंच्याहत्तरीही सापडली. आजी पूर्ण कार्यक्रमभर त्यांना "ताठ बसा" म्हणत होती. एकाही ठिकाणी तुटली नव्हती.

काकांनी सगळं चार नव्या डिस्कांवर घातलं, डबा पुसला, भोंग्याची वायर जोडून दिली. नंबर लावायची वेळ आली. आधी त्यांनी ते चारचौघांसारखे लावले, समोरून सरळ, एक दोन तीन चार. मग नखानं उपटून काढले. मग बराच वेळ बोटावर चिकटलेला 'चार' तसाच ठेवून बसले. शेवटी उलटे लावले.

भावजय न्यायला आली तेव्हा तिनं आधी काकांच्या तोंडाकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"मिळालं?"

"मिळालं."

ती खुर्चीत बसलीच. मग तिचं लक्ष गेलं. "हे आकडे उलटे लागलेत का हो?"

"असू दे."

"डिस्क कुणी मारली, कंपनी काय म्हणाली, असं ह्यांनी विचारलं तर काय सांगू? तो मदतनीस बिचारा रोज रडतोय. ह्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं."

काकांना कापलेली वायर आठवली. ते म्हणाले, "सांग, जुनी झाली होती. कुणी मारली नाही."

ती गेली. आणि मग काकांनी नियमाप्रमाणे आपल्याकडच्या सगळ्या कॉपी पुसल्या. गिऱ्हाईकाचं काही ठेवायचं नाही. भाऊ असला तरी तो गिऱ्हाईक होता, किंबहुना तेवढाच होता. पुसायला पूर्ण दुपार लागली आणि त्या दुपारी खाली इतकं शांत होतं की इस्त्रीवाल्यानं दार वाजवून विचारलं, "बरं आहे ना सगळं? घरचे गावाला गेले का?"

"हो," काका म्हणाले. "गेले."

पुढचे काही दिवस खालून पंख्याची कुरकुर सोडून काही आलं नाही. मी जिना उतरताना, अगदी सहज, काही मनात नसताना, तो नवा आवाज काढला. "हनुवटी खाली! श्वास सोडा, परत मिळेल!"

खालचं दार उघडलं. काका उंबऱ्यात. शर्टाची बटणं घाईत वर-खाली लागलेली. त्यांनी मला पाहिलं, जिन्यावर माझ्या मागं पाहिलं आणि परत मला पाहिलं.

"तू होय," ते म्हणाले.

दुसरं कुणी असतं तर तिथं शरमेनं गप्प झालं असतं. मी म्हणाले, "फसलात ना काका?"

"दार उघडलं म्हणजे फसलो असं नाही." त्यांनी बटणं नीट केली. "बघायला आलो, एवढा भसाडा कोण झालाय."

"लावता पैज? एकदा तरी फसवून दाखवीन. तुम्ही तोच आलाय समजून दार उघडाल."

"आणि नाही उघडलं तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

"एक पूर्ण दिवस गप्प बसायचं. कुणाचाही आवाज नाही. तुझासुद्धा नाही."

लागली पैज. मी दुपारी जाऊन दाराशी म्हणायचे, "आहेस का? मी आलोय." आतून स्क्रू-ड्रायव्हर खाली न ठेवता उत्तर यायचं, "पळ." मी खोकून बघितलं, घोगरं करून बघितलं, "अरे, दार उघड ना!" असं रडवेलं करून बघितलं. "पळ." एकदा तर मी आवाज इतका बरोब्बर लावला की इस्त्रीवाल्यानं मान वर करून पाहिलं, कोण पाहुणा आला म्हणून. आतून, "पळ."

मग एका दुपारी मी कठड्याला टेकून उभी होते आणि खाली एक गृहस्थ आले. कॅमेऱ्याच्या पट्ट्यानं खांदा झुकलेला, बुटके, टक्कल पडायला लागलेलं. त्या आवाजाला मी मनात फार उंच माणूस दिला होता. हातात डबा नव्हता, पिशवी नव्हती. त्यांनी दारावर हात उचलला, खाली घेतला, परत उचलला. चपला काढल्या, मग कुणी बोलावलं नाही हे आठवून परत घातल्या.

मी वर उभी राहून आनंदानं उड्या मारायच्या बेतात होते. आता काका "पळ" म्हणणार! म्हणजे खरा आणि खोटा त्यांना ओळखता आला नाही, म्हणजे मी जिंकले! आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. काका "पळ" म्हणाले, तर हा माणूस खरंच पळेल.

मी जिन्यावरून धावत सुटले. दोन पायऱ्या उरल्या असतील तेवढ्यात ते बोलले.

"आहेस का?"

आतून "पळ" आलं नाही. गृहस्थांनी पाठ फिरवली. आणि खुर्ची सरकल्याचा, काहीतरी पडून घरंगळल्याचा आवाज झाला आणि दार उघडलं.

धाकटे म्हणाले, "नंबर उलटे लावलेस."

"तुझेच बघून लावले," थोरले म्हणाले.

"वायर पण जोडलीस."

"वाजलं तर ऐक आता."

धाकट्यांनी मान हलवली. काकांनी बाजूला होऊन त्यांना आत घेतलं, आणि आत खुर्ची एकच आहे हे आठवून ते परत बाहेर आले. मी जिन्यात तोंड उघडं टाकून उभी. "वरची खुर्ची दे गं जरा," ते म्हणाले. मी आणून दिली.

ती घेताना मी कुजबुजले, "कसं ओळखलंत?"

"तू आलीस की बोलायलाच लागतेस," काका म्हणाले. "तो दाराशी बराच वेळ उभा होता."

त्यांनी खुर्ची बगलेत मारली आणि तोंडावर बोट ठेवलं. पैजेत ठरल्याप्रमाणे मग मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक अक्षर काढलं नाही. आईनं मला डॉक्टरकडे नेलं.